सापडू नये म्हणून

१

दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला आणि जुने मेल गेले. म्हणजे आजचे मेल येत होते, गेल्या काही दिवसांचेही दिसत होते. पण डाव्या बाजूला ओळीने लावलेले फोल्डर, ज्यांत वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार निगुतीने विभागून ठेवला होता, त्यांतला एकही जागेवर नव्हता. पेशंट नाहीत, कवळ्या करून देणारी लॅब नाही, औषधवाले नाहीत. दातांचाच दवाखाना, आणि त्याचीच कवळी कोणीतरी काढून ठेवावी, तशी पडद्याची डावी बाजू बोडकी पडली होती.

त्यात वेळही अशी आली होती की आरोग्य खात्याने नेमका तोच पत्रव्यवहार मागितला होता. इथून दाढ काढून गेलेला एक माणूस, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, जबड्यात पू होऊन इस्पितळात पडला होता आणि त्याच्या बायकोने तक्रार केली होती. हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेच्या मशीनची देखभाल नीट होत होती का, एवढंच खात्याला बघायचं होतं. देखभाल करणारी कंपनी तर केव्हाच बंद पडलेली. तेव्हा जो काही पुरावा असेल तो दवाखान्याच्या मेलमध्येच.

म्हणून मोठ्या डॉक्टरांनी कुदळबाईला बोलावलं.

हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलं होतं आणि धंद्यात तेच चिकटलं. पुसलेल्या, जळलेल्या, पाण्यात पडलेल्या डिस्कमधून माहिती उकरून काढायचं तिचं काम. या कामापायी तिला माणसांची शिसारी येऊ लागली होती. लोक कॉम्प्युटर घेऊन येत ते कळांच्या फटीत नखं, केस आणि बिस्किटांचा चुरा घेऊनच. एकाच्या पंख्यात तर वाळून काटकी झालेली पाल निघाली होती. बाहेरची घाण कापडाने निघते. आतली बघून ती संध्याकाळी जेवत नसे. आजारी बापाच्या मरणाची वाट बघणारी मुलं, मैत्रिणीच्या पाठीमागे तिचीच टिंगल करणाऱ्या मैत्रिणी. "जगाची उष्टी काढायला बसलेय मी," असं ती नवऱ्याला म्हणे.

त्या मानाने हा दवाखाना म्हणजे डोळ्यांना विसावा. फरशीत तोंड दिसेल अशी चकाकी, हवेत लवंगेच्या तेलाचा वास. मोठे डॉक्टर सत्तरीचे, कोट पांढराशुभ्र, बोलणं असं की ऐकणाऱ्याची निम्मी दाढदुखी तिथेच थांबावी. बोलता बोलता त्यांनी तिच्या गालाकडे पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही डावीकडून चावत नाही. खरंच होतं ते. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, तिच्यादेखत हत्यारांचं पाकीट फाडलं, दाढ कोरून भरून दिली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. पाकीट अर्धं कागदाचं, अर्धं पारदर्शक. कडेला बारीक गुलाबी बाणांची नक्षी. लहान मुलीच्या फ्रॉकच्या झालरीसारखी ती छान दिसत होती. थोडं रक्त आलं. तिने चूळ भरली, आणि कित्येक दिवसांनी आपण एका स्वच्छ माणसासमोर बसलो आहोत असं तिला वाटलं.

निघताना डॉक्टर दारापर्यंत आले.

"सापडले तर उत्तमच. नाही सापडले, तर सापडणं शक्य नाही असं कागदावर लिहून द्या. म्हणजे आम्ही मोकळे."

ती हसून जिना उतरली. अर्ध्या जिन्यात तिचं हसू ओसरलं. हरवलेलं मिळेल का, कधी मिळेल, असं विचारणारे तिने खूप पाहिले होते. हरवल्याचा दाखला पहिल्याच दिवशी मागणारा हा पहिलाच.

२

सगळ्यांचा संशय चिरंजीवांवर होता. मोठ्या डॉक्टरांचा हा मुलगा डॉक्टर नव्हता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि सकाळचा एखादा तास तो दवाखान्याचा कारभार बघायचा. जुन्या कॉम्प्युटरवरचं नव्यावर त्यानेच आणलं होतं. त्याची बायको, म्हणजे डॉक्टरांची सून, तीही दातांचीच डॉक्टर, उघड म्हणत होती की यांनी घोळ घातला.

कुदळबाईने त्याला काय काय केलं ते विचारलं. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: फोटो आणले, हिशेब आणले, एक्स-रे आणले, नव्यावर मेलचा पासवर्ड घातला. झालं. तिला चूक तिथेच कळली. मेलचा ताजा माल बाहेरच्या गोदामातून येतो, तो पासवर्ड घातल्यावर येतोच. पण फोल्डर करून लावून ठेवलेले जुने मेल यंत्राच्या पोटात भलत्याच कोपऱ्यात असतात, आणि तो कोपरा कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. घर बदलताना माळ्यावरचं सामान राहून जावं, तसं झालं होतं.

तो ओशाळला, आणि ओशाळलेली माणसं करतात तसं दुसऱ्यावर ढकलू लागला. नवा कॉम्प्युटर त्याला नकोच होता. जुना ठणठणीत चालत होता. पण बाबांनी धोशा लावला, नवा आण, नवा आण. बरं, आणल्यावर काउंटरवरच्या काकूंनी भुणभुण लावली की जुना भंगारात देऊन टाका. त्याने आळसापोटी दिला नाही, मागच्या कोठीत टाकला होता.

"तुमचा आळस कामाला आला," ती म्हणाली.

कोठी म्हणजे एक्स-रेच्या खोलीमागचा बोळ. तिथे तुटक्या खुर्च्यांवर एका मोठ्या खोक्यात जुना कॉम्प्युटर कोंबलेला होता. तिने तो उपसून काढला. वायरींवर धुळीची साय, मागे कोळ्याचं जाळं, आणि कळांवर असा काही चिकट थर की तिने हातमोजे चढवले. पण बटण दाबल्यावर तो सुरू झाला, आणि फोल्डर सगळे आत होते. पेशंट, लॅब, औषधवाले, डॉक्टरांचे कॉलेजमधले मित्र. तिने ते नव्यावर नेले आणि जागच्या जागी लावले. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं, आणि एवढ्यासाठी आपल्याला बोलावलं याचं तिला हसू आलं.

आवरताना सवयीने तिने जुन्यावर एक नजर टाकली. या मेलच्या प्रोग्रॅमला नियम लावून देता येतात: अमक्याचा मेल आला की तो आपोआप तमक्या फोल्डरमध्ये टाक. इथे तसे बरेच नियम लावलेले होते आणि त्यांतला एक बंद पडला होता. देखभाल करणाऱ्या कंपनीचे मेल 'मशीन' नावाच्या फोल्डरमध्ये टाक, असा तो नियम होता.

'मशीन' नावाचा फोल्डर मात्र कुठेच नव्हता. पाटी होती आणि घर नव्हतं. कचऱ्याची पेटीही झाडून पुसून रिकामी.

बाकीचे फोल्डर माळ्यावर राहिले होते. हा माळ्यावरही नव्हता. नवा कॉम्प्युटर यायच्या आधीच, याच जुन्या यंत्रावर, कोणीतरी तो हाताने पुसला होता.

३

तिने एक ठरवलं. प्रत्येकाला सांगायचं की सगळे फोल्डर आले, एक आला नाही. कोणता, ते सांगायचं नाही.

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, कुठला राहिला? एक्स-रेवाल्यांचा असेल तर पंचाईत होईल. नक्की माहीत नाही असं तिने सांगितलं, तेव्हा तो स्वतः पडद्यासमोर बसून एकेक नाव वाचत बसला. त्याला राहिलेलं नाव आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग संध्याकाळी काउंटरवरच्या काकू. या दवाखान्यात त्या तरुणपणी लागल्या आणि इथेच पिकल्या. पेशंटना नंबर देणं, फोन घेणं, मेल पाठवणं, आणि सकाळी आल्या आल्या वाफेचं मोठं मशीन लावणं, सगळं त्यांच्याकडे. जिभेला बोट लावून त्या पानं उलटायच्या, आणि त्याच बोटाने काउंटरवरची हत्यारांची पाकिटं सारखी करायच्या. कुदळबाईने नजर दुसरीकडे वळवली.

"कुठला गेला? लॅबचा नाही ना? तो गेला तर मी मेले," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांचं तोंड सुरू झालं ते थांबेचना.

मशीन त्या स्वतः लावतात. दिवा लागतो, घरघर होते, शेवटी शिट्टी वाजते, मग पाकिटं काढायची. एक दिवसाचा खाडा नाही. पण धाकट्या डॉक्टरीणबाईंना, म्हणजे सूनबाईंना, काकूंच्या हातचं चालत नाही. त्यांनी आपल्या खोलीत स्वतःचं वेगळं छोटं मशीन आणून ठेवलंय, कुलपात. वेगळी चूलच मांडली म्हणा ना. मोठे डॉक्टर देवमाणूस, एका शब्दाने बोलले नाहीत.

कॉम्प्युटरवर आणखी कोण बसतं, असं तिने विचारलं. काकू म्हणाल्या, दुसरं कोण बसणार? दुपारी त्या जेवायला जातात तेव्हा मोठे डॉक्टर घटकाभर बसतात. मित्रांनी पाठवलेले फोटो बघतात आणि एकटेच हसतात. त्या वेळी दवाखान्यात चिटपाखरू नसतं. मुलगा दुकानात, सूनबाई तर संध्याकाळशिवाय येतच नाहीत.

"आणि जुना कॉम्प्युटर भंगारात द्या असं तुम्ही सांगत होता?"

"मी कशाला सांगू? मला काय त्याचं! डॉक्टर म्हणाले, त्याला आठवण कर, म्हणून करत होते."

एवढ्यात मागच्या खोलीचं दार करकरलं. सूनबाई दारात उभ्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

४

धाकट्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. एक फोल्डर मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी तडक विचारलं:

"कुठला?"

कुदळबाईने खांदे उडवले. सूनबाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. कशाला बोलावलं, तेही सांगितलं नाही. बोलायला जावं आणि तोंडाशी येऊन शब्द गिळावा, असं त्यांचं दोनदा झालं. वेगळं मशीन का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की मला माझ्या हाताने केलेलं लागतं.

काचेच्या कपाटात त्यांची पाकिटं रचलेली होती. कुदळबाईने वाकून पाहिलं आणि ती चटकन मागे सरकली. प्रत्येक पाकिटाच्या कडेला तपकिरी डाग होते, चहा सांडून वाळल्यासारखे. एवढा तोरा, वेगळी चूल, कुलूपकिल्ली, आणि हत्यारं ठेवायची ती असल्या डागाळलेल्या पाकिटांत! मोठ्या डॉक्टरांची ती गुलाबी नक्षीची कोरी पाकिटं तिला आठवली. नावं मोठी आणि लक्षणं खोटी, असं मनाशी म्हणत ती बाहेर पडली. ट्रम्पेटवाला या बाईच्या खोलीतच आजारी पडला असणार, आणि फोल्डरही हिनेच पुसला असणार, अशी तिची जवळजवळ खात्री झाली.

मोठे डॉक्टर हात धुत होते. तिने त्यांनाही तेच सांगितलं. सगळे आले, एक राहिला.

त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं.

"जाऊ दे, बाळ. एखादा जायचाच. त्या एकाचं तेवढं लिहून दे, उद्या दुपारी सगळ्यांना बसवतो, चहा घेऊ आणि विषय मिटवू. दाढ कशी आहे?"

दाढ ठणकत होती. पण एवढ्या मायेने विचारल्यावर काय सांगणार? बरी आहे म्हणाली. त्यांनी तिच्या गालावर थोपटलं.

जुना कॉम्प्युटर घरी न्यायचा म्हणून ती कोठीत गेली. खोकं उचलायला वाकली, आणि जागीच थांबली. ते कॉम्प्युटरचं खोकं नव्हतंच. त्यातून हत्यारांची पाकिटं आली होती, आणि त्याच्या बाजूवर दोन बाण छापलेले होते. एक गुलाबी, एक तपकिरी.

५

गुलाबी बाणाखाली लिहिलं होतं, 'मशीनमध्ये ठेवण्यापूर्वी'. तपकिरी बाणाखाली, 'पूर्ण वाफ लागल्यावर'.

तिने ते पुन्हा वाचलं. मग तिची जीभ आपोआप भरलेल्या दाढेकडे गेली आणि तिथून झटकन मागे आली. तिच्यादेखत फाडलेलं ते पाकीट, ती फ्रॉकच्या झालरीसारखी गुलाबी नक्षी. त्या पाकिटातल्या हत्याराला वाफ लागलीच नव्हती. ते तिच्या आधी कोणाच्या तोंडात होतं? आणि त्याच्याही आधी? कोणाची लाळ, कोणाचा पू, कोणाचं रक्त तिच्या रक्तात मिसळलं?

ती कोठीतल्या बेसिनवर वाकली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. तिथल्या पाण्याने चूळ भरायचीही तिला किळस वाटली. बाहीने तोंड पुसून, कॉम्प्युटर उचलून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

घरी आल्यावर तिने दाढेकडे बोट दाखवलं. नवऱ्याने गरम पाणी आणि मीठ पुढे ठेवलं. तिने इतक्या गुळण्या केल्या की हिरड्या हुळहुळल्या. तरी घाण जाईना. घाण तोंडात नव्हतीच. ज्याच्या हाताने ती घातली त्याने गालावर थोपटलं होतं, ते थोपटणं जाईना.

मग ती कामाला लागली. फाइल पुसली म्हणजे मजकूर लगेच मरत नाही. यंत्र फक्त त्याची पाटी काढतं आणि जागा रिकामी म्हणून नोंदवतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. जुना कॉम्प्युटर कोठीत पडल्यापासून कोणी चालवलाच नव्हता. 'मशीन' फोल्डर तुकड्या-तुकड्याने वर आला.

देखभालवाल्याने परोपरीने लिहिलं होतं. मशीनचा दिवा लागतो, घरघर होते, शिट्टी वाजते, पण आतला तापवायचा भागच गेला आहे. यातून काढलेलं कुठलंही हत्यार पेशंटला लावू नका. दुरुस्तीला न्यायचं तर दवाखाना काही दिवस बंद ठेवावा लागेल. शेवटच्या मेलमध्ये तर त्याने हात जोडले होते. दवाखान्याकडून दर वेळी एकच उत्तर गेलं होतं: कळलं, सवडीने बघू.

उत्तराखाली नाव नव्हतं. पत्ता दवाखान्याचा, सगळ्यांचा मिळून एकच. ही उत्तरं काकूंनी पाठवली असतील, मुलाने, सुनेने, कोणीही.

पण ती कधी पाठवली गेली हे यंत्राने लिहून ठेवलं होतं, आणि फोल्डर कधी पुसला तेही. ते वाचून कुदळबाई पाठ टेकून बसली. आता कोणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

६

दुपारी दवाखान्याचं दार ओढून घेतलं होतं. पेशंट बसतात त्या बाकांवर चौघं बसले होते: मोठे डॉक्टर, चिरंजीव, सूनबाई आणि काकू. डॉक्टरांनी चहा मागवला होता. कुदळबाईने कपाला हात लावला नाही.

तिने आधी चिरंजीवांना मोकळं केलं. त्यांच्या हातून फोल्डर राहिले होते, गेले नव्हते. गेला तो एकच, 'मशीन', आणि तो नवा कॉम्प्युटर यायच्या आधी गेला होता. नवा आणायचा तो एवढ्याचसाठी. सगळेच फोल्डर एकदम दिसेनासे झाले की त्यांतला एक कोणी मुद्दाम काढला हे कोणाच्या डोक्यात येणार? दोष हलवाहलवीवर जाणार. आणि दाखला द्यायला बाहेरचं कोणी आणलं की खात्याचंही तोंड बंद.

काकू नाहीत, ती म्हणाली. उत्तरं गेली आणि फोल्डर पुसला, ते सगळं दुपारी, त्या जेवायला गेल्या असताना. त्या वेळी मुलगा दुकानात असतो, सूनबाई घरी. आणि दुसरं असं की एक फोल्डर मिळत नाही असं मी चौघांनाही सांगितलं. मुलाने विचारलं कुठला. काकूंनी विचारलं. सूनबाईंनी विचारलं.

ती मोठ्या डॉक्टरांकडे वळली.

"तुम्ही विचारलं नाहीत, डॉक्टर. तुम्हाला माहीत होतं."

काकूंनी मांडीवरचे स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि हळूच म्हणाल्या की बाण तपकिरी का होत नाहीत असं मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, या कंपनीच्या पाकिटांना रंग चढत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत, हे तिला सर्वांत भयंकर वाटलं. त्यांनी चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि वर्गात शिकवावं तशा समजूतदार आवाजात बोलले. आमच्या वेळी उकळत्या पाण्यात बुचकळून काढायचो, कोण मेलं? ही मशीनं, हे बाण, ही सगळी अलीकडची थेरं. दवाखाना बंद ठेवला असता तर पेशंट दुसरीकडे गेले असते, आणि गेलेला पेशंट परत येत नाही.

"आणि तोंड म्हणजे मुळातच घाण जागा, बाळ. मी आयुष्यभर बघतोय. लोक काय काय घेऊन येतात तोंडात! तिथे स्वच्छ हत्यार घातलं काय आणि अस्वच्छ घातलं काय."

म्हणजे हे मधासारखं बोलणं, हे गालावर थोपटणं, सगळं यातून येत होतं. समोर आ करून बसलेल्या प्रत्येक माणसाची या माणसाला आतून किळस होती, आणि म्हणून त्यांच्यावर काहीही खपवायला तो मोकळा होता. इतरांच्या घाणीला विटलेली ती स्वतः; पण त्या क्षणी तिला कळांच्या फटीतली नखं, केस आणि ती वाळलेली पाल परवडली.

ती सूनबाईंना म्हणाली, "तुम्हाला बाण वाचता येतात."

सूनबाई खाली बघूनच म्हणाल्या, "मी माझ्या पेशंटपुरतं बघितलं. बोर्डावर त्यांचं नाव आहे. मी कोणाला सांगणार होते?"

शेजारच्या खोलीत माणसांच्या तोंडात काय जातंय हे रोज बघायचं आणि आपल्या कपाटाला कुलूप लावून घरी जायचं. कुदळबाईला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

राहता राहिले चिरंजीव. तो उठून तिच्याजवळ आला, आवाज खाली आणला आणि विचारलं:

"हा फोल्डर आता... परत जाऊ शकतो का?"

ती पिशवी उचलून चालू लागली.

७

डिस्क आणि मेल तिने त्याच दुपारी आरोग्य खात्यात नेऊन दिले. दवाखान्याला सील लागलं. गेल्या काही वर्षांतल्या पेशंटना बोलावून रक्त तपासायला सांगण्यात आलं, आणि त्या रांगेत कुदळबाईही उभी राहिली. पुढे एक आजी होत्या, नातवाला घेऊन. मोठ्या डॉक्टरांसारखा माणूस होणे नाही, कोणीतरी डाव साधला, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन तिने ती भरलेली दाढ पुन्हा उकरून घेतली, आतला पू धुऊन घेतला. तिचं रक्त चांगलं निघालं. रांगेतल्या सगळ्यांचं निघालं नाही. काकूंनी खात्यापुढे सगळं खरं सांगितलं. सूनबाईंनी सांगितलं ते वकिलाने लिहून दिलेलं.

ट्रम्पेटवाल्याच्या बायकोला ती भेटायला गेली ती न राहवून. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती बाई ओले कपडे पिळत होती. खात्याचं पत्र तिला मिळालं होतं, पण नवऱ्याला ते पटत नव्हतं.

दाढ काढल्यावर सूज आली तेव्हा ती दोघं मोठ्या डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात बघितलं, मान हलवली आणि तिच्यादेखत त्याला म्हणाले, तोंड स्वच्छ ठेवत नाही तुम्ही, त्याचं हे फळ आहे. भर खोलीत. हा माणूस रोज ट्रम्पेटच्या मुखाला ओठ लावून पोट भरणारा. त्याला ते इतकं लागलं की तेव्हापासून तो दर खाण्यानंतर हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासतो. जबडा कापल्यावरही थांबला नाही. नर्सने ब्रश काढून ठेवला तर बोटाने घासतो. भेटायला आलेल्यांशी तोंडावर रुमाल धरून बोलतो.

"तुम्हीच सांगा त्यांना," ती बाई म्हणाली. "मी सांगितलं की त्यांना ते नुसतं समजूत घालणं वाटतं."

तो खिडकीशी उशाला टेकून बसला होता. अर्धा चेहरा पट्टीत, उरलेला रुमालाआड. कुदळबाई स्टुलावर बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितलं: मशीन तापतच नव्हतं, हत्यारं तशीच एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात होती, डॉक्टरांना ते ठाऊक होतं आणि ते लपवायला त्यांनी मेल पुसले. माझ्याही दाढेत पू झाला, हेही सांगितलं. तो डोळे न हलवता ऐकत होता. 

मग त्याने रुमाल खाली घेतला. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे एकेक अक्षर दातांआडून बाहेर आलं.

"म्हणजे," तो बायकोला म्हणाला, "मी नीट घासत होतो."